सातवी टोपली

१२ जानेवारी २०२५, रविवार
मळ्यातून, तालुका कवठेमहांकाळ

अहो,

रेश्मा म्हणते, नवऱ्याला पत्र लिहायचं तर सुरुवात साष्टांग नमस्कारानं करायची. माझे गुडघे तुम्हाला ठाऊक आहेत. एकदा आडवी झाले तर उठवायला तुम्ही इथं नाही. म्हणून उभ्यानंच केलाय, गोड मानून घ्या.

रेश्मा म्हणजे शेजारच्या वस्तीवरची, अंगणवाडीची बाई. रविवारी तिला सुट्टी असते. मी बोलते, ती लिहिते. मी 'हाय' म्हटलं की ती 'आहे' लिहिते. म्हटलं लिही बाई, कागदावर तरी मी शाळेत गेलेली दिसू दे. पाकिटावर तुमचं नावही तीच घालणार आहे. मी ते घेतलेलं नाही, उगाच शंका नको.

फोन का केला नाही, असं मनात येईल. केला होता. आपल्या दगडाबाईनं उचलला, 'आबा, आई बोलतीया' म्हणून तुमच्या कानाला लावला, आणि माझं 'आवं' ऐकल्याबरोबर तुम्ही तो गव्हाणीवर ठेवून निघून गेलात. हे लेकीनं मला मागनं सांगितलं. तोवर मी बराच वेळ म्हशीशी बोलत होते. म्हैस तुमच्यापेक्षा बरी, मधनंमधनं हुं तरी करत होती.

पत्र असं गव्हाणीवर ठेवता येत नाही. ठेवलं तर म्हैस खाईल आणि मग माझं काय म्हणणं होतं ते तुम्हाला कधीच कळणार नाही. चौथी शिकलाय, बोट ठेवून वाचा. घाई नाही.

आता भांडण कशावरनं झालं ते रेश्मा विचारतेय. तुम्हाला माहीत आहे, तेवढा भाग सोडून पुढं वाचा. रेश्मा, ऐक. आमच्या मळ्याला लागून जो माळ आहे, तो सांगलीच्या मालकांनी घेतला. द्राक्षं लावली, वायनरी काढली. आमची नात प्रांजल, लेकाची, तानाजीची, बंगळूरला हॉटेलचं शिकून आली आणि त्या वायनरीतच नोकरीला लागली. तिचा बाप फौजेत, आई त्याच्याबरोबर. पोरगी लहानपणापासून आमच्याकडं, म्हणजे खरं तर ह्यांच्या खांद्यावर. तिनं वायनरीच्या माळावर एक खेळ मांडला. लोखंडी खांबांवर टोपल्या बसवायच्या आणि लांबनं तबकड्या फेकून त्यात पाडायच्या. पुण्याकोल्हापुराची माणसं गाड्या घेऊन येतात, तबकड्या फेकतात, फोटो काढतात, वाईन पितात, जातात. खेळ सुरू झाला त्या दिवशी पोरगी पेढे घेऊन घरी आली. ह्यांनी पेढ्याला हात लावला नाही. 'दारूच्या कारखान्यात माजी नात खेळ मांडती. ती हितलं खाती तवर ह्या घरचं पाणी पिणार न्हाई.' घोंगडी खांद्यावर टाकली आणि लेकीकडं, मेढ्याची वाट धरली. गळ्यात माळ आहे, तोंडात तंबाखू आहे, पण ते असो.

झालं, आता तुम्ही वाचा.

पोरीनं त्या दिवसापासून घरात हसणं सोडलंय. काल म्हणाली, 'आजी, मार्च संपला की नोकरी सोडते. मग येतील आबा?' मी भाकरी थापत होते. म्हटलं, 'तव्यावरची करपू दे आधी, मग बोलू.' काय बोलणार? तिनं नोकरी सोडली तर तुम्ही याल, पण घरात येऊन बघाल कुणाकडं? तिच्या तोंडाकडंच ना? आणि नाही सोडली तर मी दोन ताटं वाढून एकच उचलायची. मला दोन्ही पाहिजेत. म्हातारपणी हावरी झालेय म्हणा.

मी त्या खेळाच्या जागी पाऊल टाकलेलं नाही. बांधावरून दिसतं तेवढंच. टोपल्यांना वर पिवळी पट्टी आहे, खाली साखळ्या लोंबतात, तबकडी आत पडली की छुम्म वाजतं. बांधावर ऐकू येतं. वारा तिकडनं असला की.

खाली अंगठा माझा. शाई नव्हती, हळदीचा उठवलाय.

हरणाबाई


२ फेब्रुवारी, रविवार

अहो,

तुमचं कार्ड मिळालं. 'पत्र मिळाले. तब्येत बरी. आकाराम.' रेश्माला म्हटलं उलटं करून बघ, मागं काही असेल. मागं माझाच पत्ता होता. तब्येत कुणाची बरी ते लिहायचं राहिलं. तुमची असेल तर आनंद आहे, म्हशीची असेल तर तिला सांगा, आठवण काढली.

मागच्या पत्रात मी लिहिलं होतं की तिकडं पाऊल टाकलं नाही. ते त्या दिवशी खरं होतं. जवळजवळ. आता सांगते की एकदा गेले. पोरगी डबा विसरली होती. द्राक्षाची तोड चालू आहे, पहाटेपासून बाया बागेत, ही त्यांच्यात राबते आणि दुपारी पाहुणे आले की खेळाकडं पळते. उपाशी राहील म्हणून गेले. डबा ती विसरली नव्हती, मीच लपवला होता, पण हे रेश्मा तू लिहू नकोस.

(लिहिलं काय गं? बरं, राहू दे.)

तर तिनं डबा बाजूला ठेवला आणि माझ्या हातात तबकडी दिली. केशरी. काठ धारदार, मधे खोलगट, भाकरीपेक्षा लहान. 'आजी, एकदा फेक.' चार पाहुणे बघत होते, त्यात एक टोपीवाला. मी पदर खोचला. मनात म्हटलं, आयुष्यभर मेंढराच्या मागं दगड भिरकावलेत, हे काय अवघड. फेकली. ती मागं गेली. टोपीवाल्याच्या टोपीला लागली. तो म्हणाला, 'नाइस ट्राय, आजी.' म्हणजे काय ते मी विचारलं नाही. तोंडावरून चांगलंच असावं.

दुसरी पुढं गेली. सरळ जाते, जाते, आणि पोचायच्या वेळेलाच डावीकडं वळते. मी म्हटलं, 'पोरी, ही आमच्या घरातली दिसती. शेवटाला फिरती.' ती हसली. अहो, किती दिवसांनी हसली. दात दिसले. म्हणून तिसरी फेकली, चौथी फेकली. त्याच्याशी माझा दुसरा काही संबंध नाही.

ह्या खेळात 'पार' म्हणून एक भानगड आहे. टोपलीपर्यंत किती फेकीत पोचावं त्याचा जो अंदाज धरलेला असतो, तो पार. पहिल्या टोपलीला पार तीन. मी म्हटलं, 'आमच्या गावाला एकच पार, वडाखालचा. सगळे रिकामटेकडे त्यावर बसलेले.' मला कितीतरी जास्त लागल्या. तबकडी द्राक्षाच्या तारेत अडकली, एकदा बायांच्या पाटीत पडली. टोपलीत पडली तेव्हा मी पार दमले होते. हाच आमचा पार.

आता एक गोष्ट सांगते, ती हसण्यावारी नेऊ नका. पहिली टोपली विहिरीपाशी आहे. दुसरी ओढ्याच्या अल्याड, तिसरी पल्याड. पुढं खडकाचा चढ, मग पवनचक्कीच्या खांबाला वळसा. मी पोरीच्या मागनं चालत होते आणि माझे पाय तिला न विचारता वळत होते. कुठं वळायचं ते त्यांना आधीच ठाऊक. मग ध्यानात आलं. ही तर तुमची वाट. मेंढरांची. सकाळी विहिरीवर पाणी दाखवून तुम्ही कळप ह्याच वाटेनं वर चढवत होता.

मी तिला तसं म्हटलं. ती म्हणाली, 'मग काय आजी! साहेबांनी इचारलं, खेळाचा कोर्स कसा आखायचा. मला ह्या माळावर दुसरी वाट येती कुठं? आबांच्या खांद्यावर बसून हीच शिकले.'

तुमची मेंढरं विकून वर्षं झाली. माळ दुसऱ्याचा झाला. वाट तेवढी ह्या पोरीनं राखली, आणि नेमकी तिच्यावरच तुम्ही रागावलाय.

अंगठा. ह्या वेळी हाताला पीठ होतं, नीट उठलाय का बघा.

हरणाबाई


२३ फेब्रुवारी, रविवार

अहो,

पत्र नाही, कार्ड नाही. आपला जावई अर्जुना दुधाची गाडी घेऊन सांगलीला आला होता, तो वाकडी वाट करून मळ्यावर तांदळाची पिशवी टाकून गेला. म्हणाला, 'मामांनी दिलेत. निरोप काय न्हाई.' मी पिशवी पालथी करून बघितली. निरोप खरंच नव्हता. पण तांदूळ निवडलेला होता. एक खडा नाही. दगडाबाईला चष्मा लागलाय, ती इतकं नीट निवडत नाही. कुणी निवडला ते मी विचारणार नाही. भात मऊ होतो.

आता मी दर रविवारी खेळते. मागचं सगळं खोटं धरा आणि एवढं खरं धरा. सकाळी पाहुणे यायच्या आधी पोरगी मला सगळ्या टोपल्या फिरवते. वायनरीचे मॅनेजर उदयसिंह म्हणून आहेत, साताऱ्याकडचे, फौजेतनं सुभेदार होऊन आलेले. ते मला दर खेपेला सलाम ठोकतात. म्हणतात, 'आजी, तुमच्या फेकीला डिसिप्लिन नाही.' मी म्हणते, 'सुभेदार, मला नवरा आहे, तो पुष्कळ डिसिप्लिनचा होता. मेढ्याला गेला.'

पण आज जे सांगायचंय ते वेगळंच आहे. ऐका, तुम्हाला करमणूक होईल.

सातवी टोपली वर बाभळीखाली आहे. रंगूबाई माहीत आहे ना, खालच्या वस्तीवरची, तिची मेंढरं अजून आहेत. तिची एक मेंढी लंगडत होती. रंगूबाई माळाच्या कडेनं येताना तिनं बाभळीखाली काय बघितलं? एक खांब. त्याला साखळ्या. खाली टोपली, आणि वर पिवळीधमक पट्टी. आपल्या माणसाला साखळी म्हणजे देवाचा लंगर, टोपली म्हणजे परडी, आणि पिवळं म्हणजे भंडारा. हात आपोआप कपाळाला जातो. तिनं कमरेची पिशवी सोडून चिमूटभर भंडारा टोपलीत टाकला, 'बिरोबा, एवढी मेंढी बरी कर' म्हणाली. मेंढीच्या पायात काटा होता, तो कधीतरी निघणारच. निघाला. झालं! पुढच्या मंगळवारी चार बाया, त्याच्या पुढच्या मंगळवारी दहा. नारळ फुटला, लिंबू आलं, कुणी साखळीला हिरवी चोळी बांधली.

पाहुण्यांतली पुण्याची एक बाई तबकडी काढायला गेली तर आत खोबऱ्याची वाटी. तिनं विचारलं, 'हे आत पडलं तर किती पॉइंट?'

सुभेदारांनी रंगूबाईला समजावलं. मी शेजारीच होते.

'मावशी, ही देवाची टोपली न्हाई. खेळाची हाय.'

'देव काय खेळत न्हाई व्हय? आमचा बिरोबा लय खेळकर हाय.'

'आवं, खांब कंपनीतनं आलाय. लोखंडी हाय.'

'मग बरं की. लाकडाचा असता तर वाळवी लागली असती.'

सुभेदार माझ्याकडं बघायला लागले. मी आभाळाकडं बघत होते. शेवटी ते म्हणाले, मंगळवारी सातवी टोपली बंद, बाकीचे सहा दिवस खेळ. रंगूबाई म्हणाली, 'चालंल. देवालाबी हालचाल पायजे.'

आता पाहुणेही तिथं आले की चपला काढतात आणि मग फेकतात. कुणीच सांगितलेलं नाही. चपला बघून चपला निघतात.

हसलात का? दगडाबाईला विचारीन.

हरणाबाई


९ मार्च, रविवार

अहो,

तुमचं कार्ड आलं. दोनच शब्द आहेत. 'कोणती बाभळ?'

रेश्मानं वाचलं आणि मी तिला म्हटलं, आज पत्र नको, तू घरी जा. ती गेली. आठ दिवस मी ते कार्ड देव्हाऱ्यात ठेवलं. मला अक्षर येत नाही, पण त्यातली काठी आणि हूक मला कळतो, तो प्रश्नाचा असतो. आज तिला परत बोलावलंय.

तीच बाभळ. नाथाजीची.

रेश्माचं पेन थांबलं. तिला हे माहीत नव्हतं. लिही गं, आणि लिहून झालं की विसर. नाथाजी म्हणजे ह्यांचा धाकटा भाऊ. हसरा, ढोल वाजवायला लागला की पावसातही माणसं उभी राहायची. हातभट्टीनं खाल्ला त्याला. एका सकाळी माळावर त्याच बाभळीखाली सापडला. अंग गार झालेलं, आणि आपली मेंढरं त्याच्याभोवती गोल करून उभी, जणू वाघराची जाळी लावून राखणीला बसलीत. सापडला तो ह्यांनाच. त्यानंतर ह्यांनी गळ्यात माळ घातली, आणि नाथाजीचं नाव ह्या घरात आजतागायत घेतलं गेलं नाही. प्रांजलला तर असा कुणी चुलत आजोबा होता हेही ठाऊक नाही.

तुम्ही घर सोडलंत तेव्हा सगळ्यांना वाटलं, आकाराम दाजी माळकरी, दारूवर चिडले. (हे रंगूबाईचं बोलणं आहे, नाव तिनं घेतलं, मी नाही.) मला तेव्हाही कळलं होतं, तुम्ही चिडला नव्हता. पेढा धरलेला पोरीचा हात बघून तुम्हाला घाम फुटला होता. मी ताट घेऊन उभी होते, मला दिसला.

तुम्हाला वाटत असेल, सगळा माळ सोडून पोरीनं नेमकी तीच जागा का घेतली. मीही विचारलं, कारण न सांगता. ती म्हणाली, 'आजी, आबा लहानपणी मला सगळीकडं न्यायचे, पण त्या बाभळीपाशी आलं की लांबचा फेरा घ्यायचे. मी इचारलं तर म्हणायचे, तिकडं काटं हायत. मला वाटायचं, एवढं काय आसंल तिकडं? मोठी झाले, बूट घालून गेले. तिथनं समदा तालुका दिसतो आजी, डोंगर, पवनचक्क्या, समदं. म्हणून सगळ्यात भारी टोपली तिथं लावली.'

बघा. तुम्ही काटे सांगितलेत. पोरगी बूट घालून गेली.

वाईनची बाजू मी घेणार नाही. दारू ती दारू, बाटली कितीही उभट असली तरी. मी घोट घेतलेला नाही आणि त्याला शपथ लागत नाही, तुम्हाला माहीत आहे. पोरगीही घेत नाही, मी विचारलं. म्हणाली, 'मला आंबट लागती.' पण एवढंच म्हणते की ज्या जागेकडं तुम्ही इतकी वर्षं मान वळवून चाललात, तिथं आज बाया हळद वाहतात. चुकून का होईना. नाथाजीला कुणी सुतक सोडून दुसरं काही दिलं नव्हतं. आता दर मंगळवारी त्याच्या उशापायथ्याला भंडारा पडतो, आणि टाकणारीला नाव माहीत नाही. मी रंगूबाईला सांगितलेलं नाही. पोरीलाही नाही. ते सांगायचा हक्क ज्याचा आहे तो तुमच्या मेढ्यात म्हशीला वैरण टाकतोय.

आता कामाचं. येत्या रविवारी, सोळा तारखेला, वायनरीत जोड्यांचा खेळ आहे. द्राक्षाची तोड संपली म्हणून बागेतल्या बाया, गडीमाणसं, गावातली, कुणीही जोडीनं यायचं. जोडीनं म्हणजे एकानं फेकायची, मग दुसऱ्यानं. पोरगी वही घेऊन बसली होती. म्हणाली, 'आजी, तुझी जोडी कुणाबरूबर?' मी म्हटलं, 'तुला ठाऊक न्हाई व्हय?' म्हणाली, 'नाव सांग, त्याबिगर लिहीत न्हाई.' सगळ्या बाया भोवती गोळा. रेश्मासुद्धा, ही खाली मान घालून लिहितेय तीच. मग घ्यावंच लागलं.

मेढ्याच्या डोंगरावर चरतात गाई,
आकारामरावांच्या रागाला शेवट न्हाई.

बाया इतक्या हसल्या की सुभेदार आतून पळत आले. पोरगी हसली नाही. तिनं वहीत तुमचं नाव लिहिलं आणि त्याच्यावर बोट ठेवून बसली.

महिनाअखेरीला तिचा राजीनामा आहे. कागद तयार आहे, बॅगेत आहे. साताऱ्याहून विट्याची गाडी धरा, पुढं मिळेल ती. नाही आलात तर मी एकटी दोघांच्या फेकी फेकीन, पण वाटेत कुणाच्या टोपीला लागली तर तुमच्या नावावर घालीन.

हरणाबाई


१६ मार्च, रविवार
स्वयंपाकघरातून सोप्यावर

अहो,

हे पत्र पोस्टानं येणार नाही. रेश्मा उंबरा ओलांडून तुमच्या हातात देईल. तुम्ही सोप्यावर बसलाय, मी चुलीपाशी. मधे एक भिंत आहे आणि तुमचा अबोला. भिंतीचं मी काही करू शकत नाही.

तुमच्याशी बोलायला माझी ना नाही. पण मी 'आवं' म्हटलं आणि तुम्ही पुन्हा उठून गेलात तर? म्हणून लिहून देतेय. आता इथं गव्हाणही नाही.

आज माळावर काय झालं ते तुम्हाला अर्धंच माहीत आहे, कारण तुमची आमच्याकडं पाठ होती. मागचं अर्धं ऐका.

आम्ही सहाव्या टोपलीपर्यंत आलो होतो. मी एकटीच फेकत होते. पोरगी म्हणाली, 'आजी, मी होऊ तुझी जोडी?' म्हटलं, 'माझा माणूस वाटंत हाय.' वाट बघून डोळे दुखले होते, पण तिला काय सांगायचं. सहावीचा चढ चढून वर आलो आणि सगळ्यात पुढं रंगूबाई, ती थांबली. बाभळीखाली घोंगडी दिसली. घोंगडीत तुम्ही. खाली बसलेले, खांबाला टेकून, तोंड डोंगराकडं.

सुभेदारांनी हातातली तबकडी पाठीमागं धरली, एखादं पोरगं चोरी लपवतं तशी. रंगूबाई तेवढी पुढं गेली, तिला कुठं गप्प बसणं माहीत. 'दाजी, वाईच सरका, भंडारा टाकायचाय.' तुम्ही सरकलात. तिनं टाकला. तुम्ही टोपलीत हात घालून त्यातलाच चिमूटभर घेतला आणि बाभळीच्या बुंध्याला लावला. मग बुंध्यावर हात तसाच ठेवलात. खांदे हलत होते. एवढं तुम्हाला माहीत आहे.

हे माहीत नाही, की तुमच्या मागं प्रांजलनं बूट काढले. बाया काढतात म्हणून असेल. पण मोजेही काढले आणि अनवाणी उभी राहिली. खाली काटे आहेत, खरेच आहेत, तुम्ही अगदीच खोटं सांगितलं नव्हतं. एक तिच्या टाचेत गेला. तिनं पाय तिथंच ठेवला.

फेक माझी होती. मी फेकली नाही. पाहुण्यांतल्या कुणीतरी हळूच विचारलं, आता काय करायचं. सुभेदार म्हणाले, 'थांबायचं.' बस्स. सगळे थांबले. वाईनचे पेले घेतलेले दोघे होते, त्यांनी पेले खाली मातीत ठेवले. कुणी सांगितलं नव्हतं.

मग तुम्ही उठलात आणि कुणाकडं न बघता उतरायला लागलात. मी पुढं झाले. तुम्ही मागनं आलात. मी मुद्दाम हळू चालले. तुमच्या वहाणा ओढ्याच्या दगडांवर वाजत होत्या, ते ऐकत आले. मागं वळून बघितलं नाही, म्हटलं, बघितलं तर हा माणूस पुन्हा लांबचा फेरा घेईल.

घरी आल्यावर तुम्ही सोप्यावर बसलात. मी पाण्याचा तांब्या ठेवला. तुम्ही म्हणाला होतात, ह्या घरचं पाणी पिणार नाही. रेश्मानं दारातनं डोकावून बघितलं, तांब्या रिकामा आहे. मी काही म्हणत नाही. मोरीत ओतलं असेल.

आता खरं काय ते. मघाशी पोरगी माझ्याजवळ येऊन बसली. टाचेतला काटा काढत होती. म्हणाली, 'आजी, आबा माझ्यामुळं रडत व्हते का?' त्या कागदाचं, राजीनाम्याचं, बोलली. उद्याच देते म्हणाली. महिनाअखेरपर्यंत थांबणार नाही.

मी म्हटलं, 'मला काय इचारतीस. भायेर बसल्यात.'

मला सांगता आलं असतं. एका दमात सांगितलं असतं, नाथाजी कसा हसायचा, ढोल कसा वाजवायचा, शेवटी काय झालं. पण मी सांगितलं तर तिला एक गोष्ट कळेल. तुम्ही सांगितलं तर तिला एक माणूस मिळेल. तिच्याच आबांचा भाऊ. तुमच्याशिवाय आता त्याला ओळखणारं उरलंय कोण? मी तर लग्न होऊन आलेली, माझ्याशी तो वहिनी म्हणून लाजायचा.

शेवट गोड करून सांगायची गरज नाही. दारूचंही सांगा. ती त्याच माळावर नोकरी करते, तिला कळलेलं बरं. मग नोकरी सोडायची की ठेवायची ते तिचं ती बघेल. पण तुमच्या रागापायी सोडली असं व्हायला नको.

ती आता तुमच्या शेजारी पायरीवर बसलीय. बुटाची नाडी बांधतेय असं दाखवतेय. नाडी मघाच बांधून झालीय, मी दारातनं बघितलंय.

मी आणि रेश्मा भांडी घासायला बसतोय. मोठ्यानं घासू. आम्हाला काही ऐकू येणार नाही.

हरणाबाई